स्तनातील गाठ : हाताची सोनोग्राफी आणि यंत्राची सोनोग्राफी



नवे यंत्र आले म्हटले की कामगाराच्या पोटात गोळा येतो. आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु हात आणि यंत्र यांचा तंटा आमच्या रोजच्या ओळखीचा आहे. तोच तंटा आज स्तनातील गाठीच्या बाबतीत तपासून पाहू.

विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी परत येतो. सोनोग्राफीचे तत्त्व तेच. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी अंगात सोडायच्या आणि परतणाऱ्या लहरींवरून चित्र उभे करायचे. गाठ पाण्याची की भरीव, हे त्यावरून कळते. क्ष-किरणांचा येथे संबंध नाही. अमेरिकेत जॉन वाइल्ड आणि जॉन रीड यांनी १९५२ सालीच स्तनाच्या गाठींवर हे प्रयोग केले होते.

पहिली रीत हाताची. डॉक्टर प्रोब हातात धरून गाठीवर फिरवतो. शंका आली की तो तेथेच थांबतो, प्रोब आडवा-उभा करतो, काख पाहतो. तपासणीसाठी तुकडा काढायचा झाल्यास सुई कोठे पोचली हे त्याला पडद्यावर दिसते. दोष एकच : सारी भिस्त त्या हातावर. हाताने जे टिपले नाही, ते मागाहून कोणालाच पाहता येत नाही.

दुसऱ्या रीतीत सुमारे पंधरा सेंटिमीटर रुंदीचा प्रोब स्तनावर टेकवतात आणि यंत्र तो आपोआप सरकवते. सगळ्या स्तनाची चित्रे साठवली जातात. हे काम शिकवलेला तंत्रज्ञ करतो. डॉक्टर ती चित्रे नंतर, दुसऱ्या गावीही वाचू शकतो. गाठीने भोवतालचे तंतू ओढले असतील, तर समोरून घेतलेल्या छेदात ते स्पष्ट दिसते. घट्ट स्तनांत मॅमोग्राफीला गाठ चुकते, म्हणून जोडीची तपासणी या नात्याने अमेरिकेत २०१२ साली अशा यंत्राला परवानगी मिळाली. पण काख त्याला नीट दिसत नाही, सुईला वाट दाखवता येत नाही. शंका आली की पुन्हा हाताचीच सोनोग्राफी.

आता पहूरच्या शिवारात कापूस वेचणारी बाई डोळ्यांपुढे आणा. गाठ तिच्या हाताला लागली आहे. एक दिवस यंत्र, दुसऱ्या दिवशी हात, तिसऱ्या दिवशी सुई, म्हणजे तीन रोज बुडाले. ती पहिल्या दिवशी येईल. तिसऱ्या दिवशी येईलच असे नाही. म्हणून लागलेल्या गाठीला हाताची सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुई, शक्यतो एकाच फेरीत, हाच न्याय. न लागणाऱ्या गाठीच्या शोधात यंत्राने जोडीला यावे.

हाताची किंमत मुंबईने दाखवली आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर मोठा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्यांची तपासणी शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केली. २०२१ साली निष्कर्ष आला : रोग लवकर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत तशी घट दिसली नाही.

आणखी एक गोष्ट. सोनोग्राफीने पोटातल्या मुली हुडकून मारल्या गेल्या. म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली व केंद्राने १९९४ साली कायदा केला. यंत्र पिशवीत घालून गावोगाव नेता येत नाही, ते योग्यच. मग यंत्र बाईकडे जात नसेल, तर बाईला यंत्रापर्यंत नेण्याचे भाडे आणि बुडालेला रोज कोणी द्यायचा? आमची मागणी तेथे आहे.

भगिनींनो, गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. दुखत नाही, हेच पुष्कळदा तिचे कपट असते.