गटाचा टॅब : स्वस्त घ्यावा की महाग?

चुलीवरचं उतरवून, गुरांचं आवरून रेडिओजवळ बसला असाल. आज आपण एका खरेदीबद्दल बोलणार आहोत. गटाच्या हिशेबासाठी टॅब घ्यायचा, तर तो किती रुपयांचा घ्यावा?

आमच्या धुळे जिल्ह्याला हा विषय नवा नाही. नाबार्डने २०१५ साली बचत गटांचे हिशेब संगणकावर नेण्यासाठी ई-शक्ती प्रकल्प सुरू केला, तेव्हा सुरुवातीला देशातले दोनच जिल्हे घेतले होते. एक झारखंडमधला रामगढ आणि दुसरा आपला धुळे. तेव्हापासून मोबाइल आणि टॅबवर नोंदी करणं आपल्या कानावर आहे. आता बरेच गट स्वतःचा टॅब घ्यायला निघाले आहेत. म्हणून आमच्या गटात काय घडलं ते सांगतो.

आमचा पहिला टॅब साडेपाच हजारांचा होता. नाव न ऐकलेल्या कंपनीचा. स्वस्त मिळाला म्हणून आम्ही खूश होतो. त्याची रॅम २ जीबी. रॅम म्हणजे काय, तर ओट्यावरची जागा. ओटा लहान असला की एका वेळी एकच भांडं मावतं. हिशेबाचं ॲप उघडलं की फोटो निघेना, फोटो काढला की ॲप बंद पडे. अंगणात बैठक असली की उजेडात पडदा दिसतच नसे. आमच्यातल्या एक मावशी दर बैठकीत विचारायच्या, "माझे पैसे यात कुठं दिसतात गं?" आम्ही त्यांना काळा पडदा दाखवत होतो.

पुढे बँकेचे साहेब कर्जाच्या फाइलसाठी गावात आले, त्याच दिवशी टॅबचा पडदा बोटाला दाद देईना. सचिवताईंनी कागदी वही जपून ठेवली होती, म्हणून त्या दिवशी निभावलं. दुरुस्तीला नेला तर दुकानदार म्हणाले, याचा पार्ट मिळत नाही. चौदा महिन्यांत टॅब संपला. साडेपाच हजारांना चौदाने भागा. महिन्याला जवळजवळ ३९० रुपये पडले.

फार स्वस्तात काय होतं, ते देशानेही पाहिलं आहे. २०११ मध्ये सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ टॅब आणला होता. सरकारला तो साधारण सव्वादोन हजारांना पडत होता. हेतू चांगला होता, पण रॅम फक्त २५६ एमबी आणि पडदा बोटाने दाबावा लागणारा. एवढ्या किमतीत तेवढंच बसत होतं.

पहिला अनुभव असा आला, म्हणून दुसऱ्या वेळी निम्म्या जणी म्हणाल्या, "आता चांगला भारीतलाच घेऊ." आम्ही चौघी तालुक्याला गेलो. भारी म्हणजे किती, ते तिथे कळलं. सॅमसंगचंच उदाहरण घ्या. २०२३ मध्ये त्यांचा गॅलेक्सी टॅब ए९ आला तो १२,९९९ रुपयांपासून आणि गॅलेक्सी टॅब एस९ आला तो ७२,९९९ पासून. कंपनी एक, वर्ष एक, फरक साठ हजारांचा.

हे साठ हजार नुसते नावाचे नाहीत, हेही खरं. महागात पडदा ११ इंची आणि रंग जिवंत, स्वस्तात ८.७ इंची. महागाची बॅटरी मोठी. पाणी आणि धुळीपासून संरक्षण आहे. चित्र काढायचा पेन सोबत येतो. वेग जास्त आणि कंपनीचे अपडेटही जास्त वर्षं मिळतात. दुकानदार खोटं बोलत नव्हते.

पण परत येताना एसटीत आम्ही आमचं काम मोजलं. बचतीची आणि हप्त्याची नोंद. बैठकीचा फोटो. योजनेचा अर्ज भरणं. महिन्यातून एखादी व्हिडिओवरची बैठक. मालाचे फोटो गिऱ्हाइकाला पाठवणं. यातल्या कोणत्या कामाला ७३ हजारांचा टॅब लागतो? एकाही नाही. या सगळ्याला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण पुरते.

मग पैसे मोजले. आम्ही बारा जणी, महिन्याला प्रत्येकी २०० रुपये बचत. म्हणजे २,४०० रुपये. १३ हजारांचा टॅब म्हणजे साडेपाच महिन्यांची बचत. ७३ हजारांचा म्हणजे अडीच वर्षांची. महागाचा टॅब सात वर्षं टिकला असं धरलं तरी महिन्याला ८७० रुपये पडतात. १३ हजारांचा चारच वर्षं चालला तरी २७० रुपये. आणि वरचे साठ हजार गटात फिरले, तर सहा जणींना दहा-दहा हजार मिळतात. कोणाची शेळी येते, कोणाच्या मुलीची फी भरली जाते. शेकडा एक रुपया व्याजाने महिन्याचे सहाशे रुपये गटात परत येतात.

बैठकीत हे सगळं वहीतून वाचून दाखवलं आणि ठराव केला. १३ हजारांच्या आतबाहेरचा, नावाजलेल्या कंपनीचा, ज्याची दुरुस्ती तालुक्यात होते असा टॅब घेतला. सिमकार्डचा टॅब तीन हजारांनी महाग होता, म्हणून तो घेतला नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आमचं भागतं. वाचलेल्या पैशांतून जाड कव्हर आणि काच बसवली, कारण आपल्याकडे टॅब पडणार आणि धूळ खाणार, हे ठरलेलंच.

महाग टॅब कधीच घेऊ नये, असं मात्र आम्ही म्हणत नाही. आमच्या एका ताईंची मुलगी ब्लाउजवरच्या आरी कामाची डिझाइन काढते. तिला पेन चालणारा टॅब हवा होता. गटाने ताईंना वेगळं कर्ज दिलं, त्यातून सव्वीस हजारांचा टॅब आला. हप्ते डिझाइनच्या कमाईतून जातात. जे यंत्र स्वतःचा हप्ता काढतं, त्याला जास्त पैसे घालायला हरकत नाही. पण ते जिच्या कामाचं, तिच्या कर्जातून. बारा जणींच्या बचतीतून नाही.

आता दुकानात जाताना लक्षात ठेवायच्या चार गोष्टी. टॅब दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहा, अक्षर दिसतं का. त्यावर मराठीत चार ओळी लिहून पाहा. जीएसटीचं पक्कं बिल गटाच्या नावाने घ्या आणि वॉरंटी किती, ती दुरुस्ती कुठे होते, ते विचारा. तक्रार कोणी ऐकत नसेल, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आणि टॅब कितीही चांगला असला तरी कागदी वही बंद करू नका.

मागच्या बैठकीत आम्ही मावशींच्या हातात टॅब दिला आणि अक्षरं मोठी केली. त्यांनी आपल्या नावासमोर बोट ठेवलं आणि आकडा स्वतः वाचला. मग म्हणाल्या, "पासबुकात पण एवढेच आहेत ना?" पासबुक काढून दाखवलं. आकडा जुळला. आमचे तेरा हजार कारणी लागले.

तुमच्या गटात खरेदीचा ठराव करायच्या आधी हा हिशेब एकदा वहीत मांडून बघा. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. नमस्कार.