बहिणाबाईंचे वासरू

बहिणाबाई हे नाव काढले की आज पुष्कळांना खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी आठवतात. त्यांच्या आधी सुमारे अडीचशे वर्षे, १६२८ साली, वेरूळजवळच्या देवगावात दुसऱ्या बहिणाबाई जन्मल्या. या तुकोबांच्या शिष्या. आपली जीवनकथा त्यांनी आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगून ठेवली आहे. या कथेतला फार मोठा प्रसंग आपल्या कोल्हापुरात घडला, आणि तो प्रसंग एका लहान मुलीला घरात झालेल्या माराचा आहे. कवितेने तो कसा सांगितला, हे आज आपण पाहू.

संत म्हणून आपण बहिणाबाईंना 'त्या' म्हणतो. पण या प्रसंगातली बहिणा अकरा वर्षांची पोर आहे. म्हणून मी तिला इथे 'ती'च म्हणणार आहे.

तिचे लग्न झाले ते तिसऱ्या वर्षी. नवरा बिजवर, तीस वर्षांचा. म्हणजे वयाने बापाच्याच जागी. पुढे वडिलांच्या डोक्यावर कर्ज झाले, भाऊबंदकी माजली, आणि आईबाप, जावई, मुले असे सगळे बिऱ्हाड गाव सोडून निघाले. भिक्षा मागत, पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर करीत ही मंडळी कोल्हापुरास येऊन एका ब्राह्मणाच्या घरी राहिली. तिथे नवऱ्याला दानात एक कपिला गाय मिळाली. तिच्या वासराला बहिणेचा असा काही लळा लागला की ती पाण्याला निघाली तरी ते मागे, कीर्तनाला निघाली तरी मागे. जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दी झाली म्हणून लोकांनी वासरू बाहेर काढले. स्वामींनी ते आत आणवले आणि मुलीच्या व वासराच्या डोक्यावरून हात फिरवला. गावात त्याची चर्चा झाली. ती नवऱ्याच्या कानावर गेली. त्याने घरी येऊन तिला वेणीला धरून मारले. हातपाय बांधून मारले.

आता कविता हे कसे सांगते ते बघा. पहिली गोष्ट अशी की, ती मारणाऱ्याला राक्षस करीत नाही. नवरा विद्वान आहे, वैदिक आहे, हे ती आदराने सांगते. त्याच्या रागाला मात्र जमदग्नीची उपमा देते. घरात मुलांना मारणारा माणूस बहुधा असाच असतो, नाही का? बाहेर चार लोकांत त्याला मान असतो, आणि त्या मानाला जरा धक्का लागला की हात उठतो तो घरातल्या सर्वांत दुबळ्या जिवावर. बहिणेचा अपराध काय? तिच्याविषयी लोक बोलले, एवढाच.

दुसरी गोष्ट आईबापांची. ते तिथेच आहेत. त्यांना दुःख होते, हे ती नमूद करते. पण मारणारा हात कोणी धरल्याचे आपल्याला दिसत नाही. परक्या गावात जावई हाच त्यांचा आधार. त्यांची तोंडे का मिटली असतील याची कल्पना आपण करू शकतो. ती त्यांना दोष देत नाही. पण ते होते, एवढे ती सांगते, आणि वाचताना ते फार लागते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. माराचे कारण ती स्वतःच्या पूर्वकर्मात शोधते. याला आपण सवयीने वैराग्य म्हणतो. असेलही. पण कोणतेही मार खाणारे मूल असाच विचार करते की, मला मारले, म्हणजे माझेच काही चुकले असणार. मग या कवितेत रडायचे कोणी? रडते ते वासरू. गाय आणि वासरू हंबरतात, चारा तोडतात, पाणी सोडतात, आणि शेवटी वासरू प्राण सोडते. जो आकांत मुलीने स्वतःसाठी केला नाही, तो कवितेने मुक्या जनावराच्या तोंडी दिला आहे. हा केवळ चमत्कार म्हणून वाचला, तर त्यातले मर्म हातचे जाते.

यावर कोणी म्हणेल, याच बहिणाबाईंनी पुढे पतिव्रताधर्माचे अभंग लिहिले. मग त्यांना तो मार मान्यच होता ना? शंका रास्त आहे. त्या काळातल्या स्त्रीला नवरा सोडून दुसरा आसरा नव्हता, आणि तो धर्म त्यांनी मनोभावे मानला, हेही खरे. पण एक विचार करा. १६४० साली त्यांना तुकोबांचा स्वप्नानुग्रह झाला. कथा तिथूनच सुरू करता आली असती. तरी त्यांनी वय, गाव, कारण, कोण हजर होते, सारे सांगितले. मान्य असलेल्या गोष्टीची अशी साक्ष कोणी ठेवीत नाही.

आपण मात्र हा भाग झरझर ओलांडतो. मार ही जणू साक्षात्काराची पहिली पायरी, असे समजून पुढे जातो. हे बरे नाही. मार खाणाऱ्या हजारो मुलांना स्वप्नात तुकोबा भेटत नाहीत. त्यांच्या वाट्याला नुसता मारच येतो.

याच कोल्हापुरात १९१९ साली शाहू छत्रपतींनी स्त्रियांच्या छळाला आळा घालणारा कायदा केला. त्या कीर्तनानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली होती. आज २००६ च्या कायद्याने अठरा वर्षांच्या आतल्या मुलीचे लग्न हा बालविवाह ठरतो, आणि संकटातल्या मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. पण कायद्याला भिंतीपलीकडचे ऐकू येत नाही. ते शेजाऱ्याला ऐकू येते, शाळेतल्या बाईंना दिसते, आणि सर्वांत आधी घरातल्या दुसऱ्या माणसाला कळते.

तेव्हा बहिणाबाईंची गाथा हाती येईल तेव्हा आत्मनिवेदनाचे हे अभंग सावकाश वाचा. वासरापाशी थांबा. आणि त्या वेळी घरात आणखी कोण कोण उभे होते, तेही एकदा मोजून पाहा.