विटेचं काय करता येतं?

मेकअप करून कधीपासून ताटकळत बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मला ठाऊक आहे, माझं भाषण हा तुमच्या आणि गाण्यांच्या मधला अडथळा आहे. म्हणून आधी एक खेळ खेळू. विटेचं काय काय करता येतं, सांगा बरं. भिंत. घर. बरोबर. चूल. हंड्याखाली टेकण. दार आपटू नये म्हणून. क्रिकेटचा स्टंप, शाब्बास! आता थांबलात. थांबू नका, अजून सांगा... मागून कोण बोललं? 'पाहुण्याला उभं राहायला दिली.' अगं, हे तर पुंडलिकाचं उत्तर! सगळा महाराष्ट्र त्या विटेपाशी जातो, आणि 'भिंत' म्हणताना ती आपल्या कुणाच्याच ध्यानात आली नाही.

हा खेळ माझा नाही. गिलफर्ड नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. 1950 साली त्यांनी आपल्याच मंडळींना सुनावलं, की सर्जनशीलतेचा अभ्यास आपण जवळजवळ केलेलाच नाही. पुढे असल्या चाचण्या निघाल्या आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पहिली उत्तरं झटपट येतात, पण ती सगळ्यांची सारखीच असतात. वेगळं उत्तर उशिरा येतं, कधी कधी तर 'आता काही सुचत नाही' म्हटल्यावर.

मी एकदा निबंध तपासले होते. विषय 'माझी आजी'. साठ पोरांच्या साठ आज्या पहाटे उठून तुळशीला पाणी घालत होत्या. गाईडमधली आजी, दुसरं काय! एका मुलीच्या वहीत मात्र तुळशीच्या दोन ओळी खोडलेल्या होत्या. खाली लिहिलं होतं, की आईबाप ऊसतोडीला गेले की आजी फोन लावून देते, पण स्वतः बोलत नाही. दाराशी बसून नुसती ऐकते. शुद्धलेखनाच्या चुका ढीगभर. मी त्या मुलीला सर्वांत जास्त गुण दिले. तिच्या आजीसाठी नव्हे, त्या खोडलेल्या दोन ओळींसाठी.

तुम्ही म्हणाल, शेवगावात बसून हे असलं कुठून सुचणार? अहो, आपण बसलोय कुठे ते तरी बघा. इकडे नेवासं, तिकडे पैठण. नेवाशात शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. परंपरेनं सांगितलेलं वय धरलं तर सांगणारा तुमच्या दहावीच्या वर्गात शोभला असता. सांगितली म्हणतोय मी. उतरून घेणारे होते सच्चिदानंदबाबा. समोर श्रोते होते, थोरले बंधू निवृत्तिनाथ होते, आणि ज्ञानेश्वर त्यांच्याशी मध्येच बोलतात, लाडात येतात, क्षमा मागतात. एकट्यानं कोंडून घेतलं की सुचतं, हा समज मला तरी पटत नाही. कुणीतरी कान देऊन ऐकत असलं की माणसाला स्वतःलाच माहीत नसलेलं आठवतं. घरी धाकट्या भावाला गोष्ट सांगून बघा. त्यानं 'मग?' म्हटलं, की पुढचं आपोआप येतं.

आणि पैठण. जवळजवळ तीनशे वर्षांनी, 1584 मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. इतक्या वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून शब्द बदलले होते, भर पडली होती. नाथ स्वतः मोठे कवी. चार ओव्या आपल्या घालायचा मोह त्यांना झाला नसेल? त्यांनी उलट बजावलं, की यात कुणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवल्यासारखी होईल. याला मी वाचन म्हणतो. हा शब्द इथला नाही, हे कानाला कळेपर्यंत वाचणं. ज्या नाथसागराचं पाणी आपल्या तालुक्याला लागतं, तो याच नाथांच्या नावाचा.

एक सांगणारा, एक खोडणारा, आणि दोघांच्या मधे आपलं गाव. लिहिणाऱ्याला हे दोघेही स्वतःच्या आत पाळावे लागतात. फक्त खोडणाऱ्याला आधी बोलवू नका, नाहीतर कागद कोराच राहतो.

वयाचंही मनावर घेऊ नका. याच जिल्ह्यात, राहुरीत आणि नगरला संसार केलेल्या लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरं शिकल्या नवऱ्याकडून. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग 1934 साली आला, तेव्हा त्या साठी ओलांडून गेल्या होत्या. वडिलांच्या सोवळ्याचा घरादाराला झालेला जाच त्या अशा सांगतात, की हसता हसता पोटात कालवतं. गाईड नव्हतं ना त्यांच्याकडे!

बरं, ढोलकीवाल्याचे हात शिवशिवताहेत, मला दिसतंय. बक्षिसांच्या यादीत 'वीट' नाही, पण मुख्याध्यापक सर, परवानगी असेल तर माझ्याकडच्या या पुष्पगुच्छाचं आणि पुस्तकाचं मी काय करायचं ते ठरवलंय. मघाशी मागून बोललेली ती मुलगी कोण? ये बाळ, वर ये.