पागादियान : चढणीचे नगर
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



महोत्सवानिमित्त आमच्या फिलिपाइन्सच्या प्रवासाविषयी चार शब्द सांगावे, अशी समितीची इच्छा आहे. तो देश आम्हां वसईकरांस परका नाही. आपले संत गोन्सालो गार्सिया १५९३ साली मनिलाहूनच जपानास गेले व १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी झाले. आज मात्र मनिलाची नव्हे, तर दक्षिणेकडील मिंदानाव बेटावरच्या पागादियान नगरीची हकीकत निवेदन करितो.

हे नगर इलाना उपसागराच्या काठी डोंगरउतारावर वसले आहे. खाली बंदर व कोळ्यांची वस्ती. तेथून रस्ते उभे चढत जातात. २०२० सालच्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्या सुमारे २ लाख १० हजार. डोंगराळ मुलखातील सुबानेन हे मूळचे रहिवासी. किनाऱ्यालगत मुसलमानांची जुनी वस्ती. आणि विसायास बेटांतून येऊन स्थायिक झालेले, सेबुआनो भाषा बोलणारे ख्रिस्ती लोक बहुसंख्य. १९७१ साली येथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. त्याचे कॅथेड्रल बाळ येशूस वाहिलेले आहे.

तेथील भाड्याची तीनचाकी पाहून आम्हांस प्रथम हसू आले. मोटरसायकलीस जोडलेली बैठक पुढून उंच व मागे कललेली; जणू उलार झालेला टांगाच! सपाटीवर उतारू मागे रेलून आकाशाकडे पाहत बसतात. पण चढण लागली म्हणजे तिचे प्रयोजन ध्यानी येते. भूमी सपाट होत नाही, म्हणून त्या कारागिरांनी वाहनच भूमीच्या स्वभावाप्रमाणे घडविले. नित्याच्या कष्टांतून जन्मलेली ती युक्ती पाहून आमचे हसू ओसरले व आदर उत्पन्न झाला.

परंतु ही चढण केवळ कष्टाची नाही. १७ ऑगस्ट १९७६ रोजी मध्यरात्र उलटून काही मिनिटे झाली असता मोरो आखाताच्या तळाशी सुमारे ८ प्रतीचा भूकंप झाला. लोक सावरतात न सावरतात तोच समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर कोसळल्या. त्या किनारपट्टीवर ५,००० ते ८,००० मनुष्ये मृत वा बेपत्ता झाली, असे अंदाज आहेत. पागादियान हे सर्वाधिक हानी झालेल्या ठिकाणांपैकी एक होय. पाण्यालगतच्या झोपलेल्या वस्तीस पळण्यास अवधी तो किती? जी चढण रोज पाय दुखविते, तीच त्या रात्री आसरा होती; पण तिच्यापर्यंत वेळेवर पोहोचणे प्राप्त होते. म्हणून आज तेथील किनाऱ्यांवर शिकवण दिली जाते, ती अशी : भूमी जोराने हादरली, समुद्र अकस्मात ओसरला किंवा त्याची गर्जना ऐकू आली, तर कोणाच्या हुकमाची वाट न पाहता उंचावर जावे.

श्रोतेहो, ही दूरदेशीची गोष्ट म्हणून सोडून देऊ नये. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरान किनाऱ्यावरील भूकंपाच्या लाटा काही तासांनी मुंबईस पोहोचल्या व येथेही माणसे दगावली. आपला किनारा सपाट. तुंगारेश्वरचा डोंगर दूर. मात्र आपल्यापाशी त्या लोकांस न लाभलेली एक गोष्ट आहे : अवधी. हैदराबादेतील केंद्र २००७ सालापासून अशा लाटांची सूचना देते. पण ती सूचना अपरात्री शेवटच्या घरातील वृद्धेपर्यंत कोण नेणार?

म्हणून आमची विनंती इतकीच की, उत्सवाची आरास उतरण्यापूर्वी दोन गोष्टी ठराव्या. संकटसमयी देवळाची घंटा कोणी व कशी वाजवावी. आणि शाळेच्या वरच्या मजल्याची किल्ली कोणापाशी असावी. पागादियानकर दरवर्षी जानेवारीत आपल्या नगराचा उत्सव करितात. त्याचे नाव ‘पासालामात’, म्हणजे आभार. आपणही पन्नास वर्षांबद्दल देवाचे आभार मानीत आहो. शेजाऱ्याच्या जिवाची काळजी वाहणे, हेच त्या आभाराचे खरे रूप होय.

प्रभू आपणां सर्वांचे रक्षण करो.