घरचा पडदा आणि चित्राच्या कडा

दिवाळी सरते, धानाची कापणी आटोपते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टींत नाटकांच्या रात्री सुरू होतात. गांवोगांवच्या मंडईच्या निमित्तानें रंगमंच उभे राहतात. वडसा-देसाईगंज येथील मंडळ्या त्यासाठीं दूरदूरच्या गांवीं जातात. अशा वेळीं कोणी रंगमंचाच्या दोन्ही बाजूंस कापड ओढून मधला भाग तेवढा उघडा ठेविला, तर प्रेक्षक तें क्षणभरहि चालवून घेणार नाहींत. परंतु हाच प्रेक्षक घरीं दूरचित्रवाणीवर चित्रपट पाहूं लागला म्हणजे नेमकें हेंच स्वतःच्या हातानें करतो. चित्राच्या वर आणि खालीं काळ्या पट्ट्या दिसतांच तो रिमोटची कळ दाबून चित्र पडदाभर करतो. पैसे पुऱ्या पडद्याचे मोजले, मग कांहीं भाग रिकामा कां, असा त्याचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचें उत्तर मिळण्यास चित्रपटाच्या इतिहासांत थोडें मागें जावें लागतें.

चित्रपट जन्मास आला तो ठेंगण्या चौकटींत. रुंदी चार तर उंची तीन, हें प्रमाण मूकपटाच्या काळीं रूढ झालें. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच घडणीचा. बोलपट आल्यावर प्रमाण किंचित् बदललें, पण चौकटीचा डौल तोच राहिला. दामले-फत्तेलाल यांचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ त्यांतलाच. पुढें दूरचित्रवाणीनेंहि हीच चौकट उचलली. घरबसल्या चित्रें दिसूं लागतांच अमेरिकेंतील चित्रपटगृहें ओस पडूं लागलीं. तेव्हां घरीं जें मिळणार नाहीं तें द्यावें, म्हणून तेथील निर्मात्यांनीं पडदा आडवा वाढविला. १९५३ सालीं ‘द रोब’ हा सिनेमास्कोप पद्धतीचा पहिला चित्रपट आला. विस्तृत दृश्य भिंगाच्या साहाय्यानें फितीवर आडवें दाबून घ्यावयाचें, आणि दाखवितांना दुसऱ्या भिंगानें तें पुनः पसरावयाचें, अशी ती युक्ति. आपल्या देशांत गुरुदत्त यांनीं १९५९ सालीं ‘कागज के फूल’ ह्या पद्धतीनें काढला. ओसाड स्टुडिओ, छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनीं त्यांत सोडलेला प्रकाशझोत, आणि एकमेकांपासून दूर उभीं असलेलीं दोन माणसें, हें त्यांतील दृश्य प्रसिद्ध आहे. त्या दोघांमधील रितें अंतर हाच त्या दृश्याचा अर्थ होय.

असें चित्र जुन्या चार-तीनाच्या संचावर पडदाभर केलें, तर काय होतें? सिनेमास्कोपची रुंदी उंचीच्या सुमारें २.३५ पट असते. हिशेब केला तर शंभरांतील ४३ भाग चित्र कापलें जातें. दोन माणसें दोन टोकांस उभीं असतील, तर एक बोलतो आणि दुसरा अदृश्य असतो. व्हिडिओफितींच्या काळीं तंत्रज्ञ हें चित्र डावीकडे-उजवीकडे सरकवीत, म्हणजे दिग्दर्शकानें न केलेली हालचाल त्यांत घुसडीत.

२६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा चंद्रपुरापासून वेगळा जिल्हा झाला. त्याच वर्षीं दूरदर्शननें रंगीत प्रक्षेपण सुरू केलें. त्या काळच्या लहान संचासमोर अंगणांत अर्धा मोहल्ला बसे. अशा वेळीं काळ्या पट्ट्या ठेवल्या असत्या, तर मागच्या रांगेंतल्या म्हातारीस नायिकेचा चेहराहि ओळखूं आला नसता. म्हणून पडदाभर चित्राचा आग्रह धरणारांस अडाणी म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांनीं कडा दिल्या आणि चेहरे मिळविले. तो सौदा त्या वेळीं वाजवी होता.

आतां संचांची चौकटच बदलली आहे. सोळा-नऊ प्रमाणाचे रुंद पडदे घरोघर आले. त्यांवर सिनेमास्कोपचा चित्रपट जसाच्या तसा लावला तरी पडद्याची तीन चतुर्थांश उंची भरते; चेहरे पुरेसे मोठे दिसतात. तोच चित्रपट ताणून पडदाभर केला, तर चतुर्थांश चित्र हकनाक जातें. गंमत अशी कीं, जुन्या चित्रपटांच्या बाबतींत प्रकार उलट होतो. ‘संत तुकाराम’ रुंद पडद्यावर पाहतांना काळ्या पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूंस येतात. त्या घालविण्यासाठीं चित्र मोठें केलें, तर उंचींतील जवळजवळ चतुर्थांश भाग कापला जातो. आणि नुसतें आडवें ओढलें, तर विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा विनाकारण लठ्ठ होतात.

ह्या वनप्रदेशास हा प्रश्न केवळ सोयीचा नाहीं. भामरागड तालुक्यांतील हेमलकसा येथें १९७३ सालीं सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची हकीकत समृद्धी पोरे यांनीं २०१४ सालीं ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे – द रिअल हीरो’ ह्या चित्रपटांत पडद्यावर आणली. अशा कथांत नायक सहसा मध्यभागीं असतो. ज्यांच्यासाठीं तो तेथें आला ते माडिया लोक, त्यांच्या झोपड्या, नदीचा कांठ आणि सागवानाची रांग हीं पुष्कळदां कडेला असतात. चित्र पडदाभर ताणलें म्हणजे नायक शाबूत राहतो आणि मुलूख तेवढा कापला जातो. ज्या प्रदेशाकडे बाहेरचें जग आधींच डोळ्याच्या कोपऱ्यांतून पाहत आलें, त्या प्रदेशाच्या प्रेक्षकानें स्वतःच्याच घरीं स्वतःचा कोपरा पुसून टाकावा, हें बरें नव्हे.

तेव्हां नियम सोपा आहे. रुंद चित्रपट रुंदच पाहावा, ठेंगणा ठेंगणाच पाहावा. दिवा थोडा मंद केला कीं काळ्या पट्ट्या अंधारांत मिसळून जातात. दृष्टि अधू असेल किंवा पडदा हातावरच्या फोनाएवढाच असेल, तर चित्र खुशाल मोठें करावें; मात्र त्यासाठीं काय गमावलें जातें हें ठाऊक असावें. झाडीपट्टीचा रसिक रात्रभर जागून नाटकाचा सबंध रंगमंच पाहतो. चित्रपटालाहि त्यानें तेवढाच मान द्यावा.