पाच वर्षांचा करार



कारखान्यांची गाळपं सुरू झाली की आपल्या शिरूर-दौंडच्या शिवारात कोप्या उभ्या राहतात. बीड-नगरकडच्या टोळ्या येतात, उन्हाळ्यात परत जातात. पण सगळेच जात नाहीत. मागच्या महिन्यात अशीच एक बाई आमच्याकडं आली. नऊ वर्षं इथंच राहते, पोरं इथल्याच शाळेत. म्हणाली, "ताई, मला गटात घ्या." आधारवर पत्ता बीडचा. आम्ही नाही म्हणालो.

त्याच आठवड्यात आम्ही या भाषणासाठी मॉरिशसबद्दल वाचत होतो. तिथंही ऊसच. 1834 पासून इंग्रजांनी त्या बेटावर भारतातून साडेचार लाखांच्या आसपास मजूर नेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले मराठी लोकही होते. करार बहुधा पाच वर्षांचा. एक खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची! आपल्याकडची उचल आणि मुकादम आठवला की नाही?

करार संपला तरी सुटका नव्हती. 1867 च्या कायद्यानं जुन्या मजुरांनाही फोटोचा पास जवळ ठेवावा लागे, नसला की पोलीस धरत. म्हणजे राबायला आपला, राहायला उपरा. पुढं मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकायला काढले, तेव्हा साठवलेल्या पैशांतून अनेकांनी ते घेतले आणि पाय रोवले. 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला आणि तिथं जन्मलेल्या त्यांच्या नातवंडा-पतवंडांना नागरिकत्व मिळालं. आज तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

ते तरी परक्या मुलखात गेले होते. आपल्या दारची बाई आपल्याच राज्यातली. तिच्या गावच्या रेशनकार्डावर इथल्या दुकानातही धान्य मिळतं, आधारवरचा पत्ता बदलता येतो, मतदार यादीतलं नाव 8 नंबरचा अर्ज भरून इथं आणता येतं. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

येत्या बैठकीत तिचं नाव पुन्हा मांडणार आहोत. अध्यक्षताई म्हणतात, "कर्ज घेऊन निघून गेली तर?" प्रश्न खोटा नाही. पण गेल्या वर्षी आमच्या गटाचं कर्ज थकवलं, ती याच गावची लेक आणि याच गावची सून.