ऊन तापले की प्लास्टिकचे काय होते?



आज आपण नवी मुंबईत जमलो आहोत. येथल्याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात 1968 च्या सुमारास पॉलिथिलीन तयार होऊ लागले. आपल्या ठिबकच्या लॅटरल, पी.व्ही.सी. पाईप आणि वाशीच्या बाजारात माल आणणारे क्रेट, हे सारे प्लास्टिकच. पण तिन्हींचा स्वभाव निराळा. तो ओळखला नाही, तर ऐन उन्हाळ्यात पाईप फुटतो आणि बागेची पाण्याची पाळी चुकते.

प्लास्टिक म्हणजे अणूंच्या लांबलचक साखळ्या. कडब्याच्या सरळ ताटांची पेंढी घट्ट बसते, बोरीच्या फांद्यांची मोळी पोकळ राहते. तसेच येथे आहे. क्रेटच्या पॉलिथिलीनमधील साखळ्या सरळ व दाट असतात, म्हणून क्रेट ताठ. लॅटरलमधील साखळ्यांना आखूड फांद्या असतात, म्हणून ती लवचिक. पी.व्ही.सी.मधील क्लोरीनचे अणू साखळ्यांना एकमेकींवरून सहज सरकू देत नाहीत, म्हणून पाईप कडक. उष्णता वाढली की मात्र सर्वच साखळ्यांची पकड सैल होते आणि ताकद घटते.

तेव्हा पुढील काळजी घ्यावी.

1. पी.व्ही.सी. पाईपवर छापलेला दाब 27 अंश सेल्सिअस तापमानासाठी असतो. 45 अंशांना 6 किलोचा पाईप जेमतेम पावणेचार किलोचाच समजावा. उन्हात उघडा पाईप हवेपेक्षाही जास्त तापतो. म्हणून तो दीड ते दोन फूट खोल गाडावा. हाच पाईप थंडीत ठिसूळ होतो, तेव्हा पहाटे उतरवताना आपटू नये.

2. शंभर मीटरची लॅटरल 20 अंशांनी तापली तर 30 ते 40 सेंटिमीटर वाढते आणि गार पाणी येताच तेवढीच आखडते. भर दुपारी ताणून बांधलेली लॅटरल मग जोडातून निसटते. ती थोडी सैल ठेवावी.

3. भरलेल्या क्रेटची थप्पी उन्हात ठेवू नये. तापलेले प्लास्टिक सततच्या वजनाखाली हळूहळू वाकते, गार झाल्यावरही पुरते सरळ होत नाही आणि खालचा माल दबतो.

पाईप घेताना आय.एस. 4985 ही खूण व दाबाचा वर्ग पाहून घ्यावा. पाईपवरील आकडा वाचावा, पण आपल्या शेतातले ऊनही हिशेबात धरावे.